कपाटानं केलेली चहाडी

आता काय सांगू तुम्हाला! धारूरच्या बाजारात माझ्यापुढं कुणी आवाज चढवत नाही. अन् माझं हसं केलं कुणी? घरातल्या लोखंडी कपाटानं! चहा घ्या आधी. हसायचं मात्र नाही.

माझी नात मुक्ता, चौथीतली पोर. सारखे हात धुवायची. कातडी फाटली, रक्त आलं, तरी धुणं चालूच. बाकाला हात लावायची भीती, म्हणून शाळाही सुटली. अन् घडीघडी एकच प्रश्न, "आबा, माझे हात स्वच्छ हायेत ना?"

"हायेत, बाई."

पाणी पिऊन होत नाही तोवर पुन्हा तेच!

डॉक्टर म्हणाले, हा मंत्रचळ. पुण्याच्या एक मॅडम मोबाइलवर उपचार करतील, तेही साऱ्या घरावर. माझं डोकंच फिरलं. आजारी एक पोर अन् इलाज साऱ्या घराला?

गुरुवारी मोबाइल तांब्याला टेकवून ठेवला. समोर खाटेवर मुलगा, सून, मधे मुक्ता. मॅडम म्हणाल्या, "आबांनाही सूनबाईंशेजारी बसवा."

सासऱ्यानं सुनेशेजारी, एका खाटेवर? लाज आहे की नाही? मी मोबाइलच्या मागं खुर्ची टाकली. तिथं कुणाला दिसतोय!

मॅडमचा हुकूम सुटला. "मुक्तानं चपलेला हात लावायचा, धुवायचा नाही. तिनं विचारलं तर कुणीही 'स्वच्छ आहेत' म्हणायचं नाही. भीती आपोआप उतरू द्या."

चपलेला हात लावून तसंच बसायचं? मी मोबाइलला मागून काठी दाखवली. मॅडमची नक्कलही केली, मान वेळावून. सुनेनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं, रडतेय बिचारी.

मुक्तानं चप्पल धरली. पांढरीफटक पडली. "आबा, हात स्वच्छ हायेत ना?"

पोर माझ्याकडं बघतेय. मला राहवेना. बंदी तोंडाला होती, मानेला कुठं होती? हलवली. पोर शांत!

"बरीच लवकर उतरली की भीती," मॅडम म्हणाल्या. पुन्हा चप्पल, पुन्हा माझी मान.

"आबा, मान दुखेल," मोबाइलमधून मॅडमचा आवाज आला.

"आबा हितं न्हाईत!" मीच ओरडलो.

"खाटेमागच्या कपाटाच्या आरशात दिसताय. काठीही दिसली. माझी नक्कलही."

सून खदाखदा हसली. रडत कुठली होती ती!

मी भडकलो. "लेकरू थरथरतंय, अन् बघत बसू? दगड हाय का मी?"

"तुम्ही हो म्हणता तेवढ्यापुरती ती शांत होते, मग पुन्हा विचारते. तुमची मान शाळेत पाठवणार का तिच्यासोबत?"

बोलणं खरं होतं. म्हणून राग आणखी चढला.

पुढच्या गुरुवारी खाटेपासून हातभर लांब, पण मोबाइलसमोर बसलो. मुक्तानं चप्पल धरली, तोच प्रश्न विचारला. माझी मान निघालीच होती! दोन्ही हातांनी हनुवटी गच्च धरली. घाम फुटला. पोर रडली, हुंदके दिले, अन् हळूहळू आपली आपण निवली.

"शाब्बास! अवघड होतं, पण जमलं," मॅडम म्हणाल्या.

"ऐक मुक्ते, मॅडम काय म्हणतेत."

"तुमालाच म्हणतेत, आबा!"

आता मुक्ता शाळेत जाते. अजूनही एखाद्या दिवशी दारातून वळून विचारते, "आबा, हात..." की मी झटकन हनुवटी धरतो. ती हसते अन् निघते.

समोरचा फळवाला रोज बघतो. परवा म्हणाला, "आबा, दाढ दुखती का?"

"लई दुखती," म्हटलं. दुसरं काय सांगू त्याला?