चुलीवरचं शिसं

आमच्या घरी भात उतरला की त्याच चुलीवर शिसं चढायचं. आता हे सांगितलं की लोकं कपाळाला हात लावतात, पण तेव्हा मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. स्वयंपाक उरकला तरी निखारे चांगले धगधगत असायचे, ते वाया कशाला घालवायचे? आणि दारापुढच्या टपरीत मालकांना शिसं रोजच लागायचं.

मालक म्हणजे माझा नवरा. भंडाऱ्याजवळच्या शहापूरला हायवेला लागून आमचं बॅटऱ्यांचं दुकान होतं. ट्रकच्या, ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या यायच्या. बॅटरी मेली म्हणून तेव्हा कोणी फेकत नसे. वरचं डांबर तापवून काढायचं, आतल्या झिजलेल्या प्लेटा उपसायच्या, नव्या बसवायच्या, पुन्हा डांबर ओतून डबा बंद. ॲसिडला ते मला हात लावू देत नसत. लुगड्याला भोकं पडतात म्हणून! शिसं वितळवायचं काम मात्र माझं. लोखंडी कढईत जुनं शिसं टाकायचं, वर आलेली मळी झाऱ्यानं काढायची, की खाली अशी चकाकी दिसायची, चांदीच जणू. खोटं कशाला बोलू, मला ते बघायला फार आवडायचं.

एक दुःख तेवढं होतं. दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा अर्ध्यातच पोट रिकामं झालं. तिसऱ्यांदा राहिलं तेव्हा धास्तीनं मी कोणाला सांगितलंच नाही. पाचवा महिना लागला, लपवून लपेना, तेव्हा कुठं बोलले. हे तिसरं तरी टिकू दे, एवढंच मागणं मनात. पाणी भरतानासुद्धा पाऊल जपून टाकायची. पण चुलीपुढं बसून शिसं ढवळणं हे तर बसून करायचं काम! त्याची कसली भीती?

ऐंशीच्या दशकाचा शेवट होता. भंडाऱ्याच्या एका कचेरीत कॉम्प्युटर आला होता आणि त्याला वीज पुरवणाऱ्या बॅटऱ्या गळून गेल्या होत्या. त्या बदलून द्यायचं काम आमच्याकडे आलं. मालक तो कॉम्प्युटर पाहून आले, तशी मी विचारलं, "कसा आहे जी?"

"टीव्हीवानी डबा आहे. पण सिनेमा नाही लागत. हिरवी हिरवी अक्षरं येतात."

"मंग त्याले बॅटऱ्या कायले पायजे?"

"लाईन गेली का तो केलेलं सारं इसरते ना! बॅटरी त्याले जराशी धरून ठेवते. तोवर सायेब लोकं काम आवरून घेतात."

"म्हणजे लाईन गेल्यावर त्याले निजवाले वेळ पायजे."

"तसंच समज," म्हणाले आणि हसत सुटले.

जुन्या बॅटऱ्या गाडीभर आल्या. त्यातलं शिसं वितळवून त्यातूनच प्लेटा जोडणाऱ्या नव्या पट्ट्या ओतायच्या होत्या. इतकं शिसं मी एका वेळी कधी पाहिलं नव्हतं. रोज भात उतरवायचा आणि कढई चढवायची.

आमच्याकडे एक ढिवरीण मावशी मासोळ्या घेऊन यायची. तिचं माहेर लाखांदूरकडचं, तिकडच्या बाया 'मी करतो, मी जातो' असंच बोलतात. तिच्या घरच्या जाळ्यांना बुडी लागावी म्हणून खाली शिशाचे गोळे बांधायचे असत. म्हणून ती आमच्याकडचं जुनं शिसं न्यायची आणि बदल्यात मूठ-मूठ झिंगे, कधी एखादी मरळ द्यायची. त्या दिवशी सकाळीच आली, दारातून डोकावली आणि तिथंच थबकली.

"अव, काय करून रायली तू?"

"शिसं आहे मावशी. या ना, बसा. यंदा पायजे तेवढं न्या."

ती बसली नाही. डोक्यावरची टोपली खाली ठेवली, आत आली आणि माझा दंड धरला.

"ऊठ."

"अवो, पण निखारे..."

"ऊठ मनलं ना! कितवा आहे?"

"पाचवा."

"आन् आधीचे दोन असेच चुलीपासी बसून गमावले का व?"

तिनं मला अंगणात आणून बसवलं. मग सांगू लागली, "आमच्यात जाळ्याचे गोळे ओततात तर तळ्याच्या पाळीवर ओततात. वारा पाठीशी घेऊन. घरात पोटुशी बाई असली तर तिले त्या दिवशी दुसऱ्याच्या घरी धाडतात. मायी आजी मनायची, शिशाचा धूर पाळण्याची दोरी तोडते."

आवाज ऐकून मालक टपरीतून आले. "काहून भांडून रायली मावशे?"

"तुले लेकरू पायजे का बॅटरी पायजे, ते सांग आधी!"

"अवो, ते तर रोजच करते..."

"मनूनच तर बोलून रायलो ना बाप्पा!"

"मंग वितळवन कोण? कचेरीत शब्द देऊन बसलो. मी एकटा काय काय करू?"

"मी वितळवतो. मायी कूस आता कायले भिते?" कमरेवर हात ठेवून ती म्हणाली. "आन् थे चूल मोडून टाक. त्या चुलीवर हिले रांधू देऊ नको."

मालक आत गेले, सांडशीनं कढई उचलली आणि बाहेर आणून ठेवली. चूल त्यांनी स्वतः फोडली. मी दुसऱ्या कोपऱ्यात नवी घातली.

त्यानंतर मावशी मासोळ्या विकून झाल्या की तळ्याच्या पाळीवर, बांधावर जाऊन बसायची. मालक सायकलवर शिशाचं पोतं नेऊन द्यायचे. उन्हात आणि धुरात बसून, कोण कुठली मी, माझ्यासाठी ती बाई कढई ढवळायची. मी भात-भाजी पाठवायची, तर हात मातीनं घासून धुतल्याशिवाय घासाला शिवायची नाही. संध्याकाळी परतताना आमच्या अंगणात यायची नाही, फाटकाबाहेरूनच ओरडायची, "हलते का व?"

"हलते मावशी."

"मंग झालं!"

कचेरीतल्या बॅटऱ्या बसल्या, तरी ट्रकवाल्यांच्या कामाला शिसं लागतच होतं, म्हणून मावशीची पाळीवरची कढई चालूच राहिली. एक दिवस मालक खुशीत घरी आले. "लाईन गेली, आन् डबा जागाच रायला!" मी हसले, पण माझा हात पोटावरच होता. सहावा गेला, सातवा गेला. आठव्यात माझी झोप उडाली. मावशीची हाक ऐकली की तेवढा जीव थाऱ्यावर यायचा.

पुढं एका डॉक्टरीणबाईंना मी विचारलं. शिशाचा धूर पोटातल्या जिवाला बाधतो, असं त्यांनीही सांगितलं. माझी आधीची दोन त्यानंच गेली का, ते मात्र आता कोणी सांगू शकत नाही. मीही उगाळत बसले नाही. पण कोणाचे उपकार सगळ्यात मोठे, असं कोणी विचारलं तर मला ती पाळीवर वाऱ्याकडे पाठ करून बसलेली दिसते.

भंडाऱ्याच्या सरकारी दवाखान्यात मुलगी झाली. दिवस पूर्ण भरून झाली. घरी आणली त्या दुपारी मावशी फाटकाशी आली. मी म्हटलं, "या ना, घ्या तिले."

"नोको व. आता पाळीवरूनच येऊन रायलो. लुगड्याले धूर आहे."

आणि आल्या पावली परत गेली. दिवेलागणीच्या आधी न्हाऊन, धुतलेलं लुगडं नेसून आली. केस ओलेच होते. अंगणात मांडी घालून बसली आणि दोन्ही हात पुढं केले. मी पोरगी तिच्या ओंजळीत ठेवली. तिनं ती जराशी वर-खाली केली, मासोळीचा अंदाज घ्यावा तशी.

"चांगली भरली व पोट्टी," म्हणाली, आणि अंधार पडला तरी तिनं ती खाली ठेवली नाही.