बुवाचा पाय

दूधवाल्याने माप ओतलं की फेस खाली बसेपर्यंत मच्छिंद्रअण्णा त्याला दारातून हलू देत नसत. आतून वेणूबाई म्हणायच्या, “अहो, त्याची म्हसच आणून बांधा की दारात!” अण्णा हसत नसत. फेस बसला, की पातेल्यात वाकून बघत आणि मगच मान हलवत.

असा माणूस उगाच घडत नाही. उमेदीची सगळी वर्षं अण्णांनी मार्केट यार्डात तोलणार म्हणून काढली होती. शेतकऱ्याचा माल आडत्याच्या गाळ्यावर उतरला, की तो काट्यावर चढवायचा आणि वजन मोठ्याने पुकारायचं, हे त्यांचं काम. मुद्दाम ओली केलेली पोती, खालून पोखरलेली वजनं, गप्पा मारता मारता काट्याला गुडघा टेकवणारी माणसं, त्यांनी सगळं पाहिलं होतं. “अण्णांनी तोललंय” म्हटलं की शेतकरीही गप्प आणि आडत्याही गप्प. ती पत घेऊन ते घरी बसले. नोकरी सुटली, पण नजर काही सुटली नाही.

धायरीच्या घराची खालची खोली त्यांनी श्रद्धा नावाच्या बाईला भाड्याने दिली होती. ती वाशिमकडची. नवरा हडपसरला कंपनीत, आणि ही लहान मुलांचा भूमितीचा क्लास घ्यायची. तीन-साडेतीन फुटांची पोरं संध्याकाळी हातात काही न घेता यायची. ना वही, ना पेन्सिल. रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज नको म्हणून ती दार लावून घ्यायची. अण्णांच्या मनात शंकेची पहिली पाल चुकचुकली ती त्या लावलेल्या दारामुळे.

त्यांची नात राजनंदिनी दुसरीत होती. तीही तिथेच जायची.

“काय शिकवलं आज?” अण्णांनी एकदा तिला विचारलं.

“मांजर केलं.”

“भूमितीच्या क्लासात मांजर?”

“काल होडी केली होती. परवा ज्याचं त्याचं घर केलं. बाईंनी विचारलं, तुमचं घर कसं दिसतं, छपराचा त्रिकोण कुठे आहे.”

अण्णांनी वेणूबाईंकडे पाहिलं. “घरं कशाला इचारती पोरांना?”

“लुटायला येणार असंल,” वेणूबाई भाकरी थापत म्हणाल्या. “तुमच्याकडं दुधाचं पातेलं हाय ना, ते न्यायला.”

पण गल्लीच्या तोंडावर झेरॉक्सचं दुकान चालवणाऱ्या उत्तरेश्वरला अण्णांचं म्हणणं पटलं. त्याचा साई त्याच क्लासाला होता. “अण्णा, मलाही वाटत होतंच,” तो म्हणाला. “बाहेरची माणसं. कोणाचं घर, कोणाचा प्लॉट, पोरांच्या तोंडून काढून घेतात. आणि पोरगं घरी येऊन काय सांगतं, तर मांजर!”

पुढच्या आठवड्यात राजनंदिनी सात लाकडी तुकडे आणि एक कागद घरी घेऊन आली. एका चौरसाचे कापलेले ते तुकडे: दोन मोठे त्रिकोण, एक मधला, दोन लहान, एक छोटा चौरस आणि एक कलता चौकोन. त्याला टॅनग्रॅम म्हणतात, असं तिने आजोबांना समजावून सांगितलं. कागदावर दोन काळ्या आकृत्या होत्या. दोन्ही बुवांच्या. दोघांचं डोकं सारखं, अंगरखा सारखा. फक्त एका बुवाला खाली पाय होता आणि दुसऱ्याला नव्हता.

“दोन्ही बुवा ह्या सातच तुकड्यांचे होतात,” ती म्हणाली.

अण्णांनी चष्मा पुसला. कागद उजेडात धरला. “मग ह्याचा पाय कुठनं आला?”

“तेच तर शोधायचंय. बाई म्हणाल्या, तुकडे तेवढेच तर जागा तेवढीच.”

“जागा तेवढीच आणि पाय जास्तीचा?” अण्णांचा आवाज चढला. सगळी हयात त्यांनी हेच पाहिलं होतं. एका बाजूला काही वाढलं, तर दुसरीकडून कोणीतरी काढलेलं असतं. आणि जिथे काढलेलं दिसत नाही, तिथे हातचलाखी असते. मोठ्या माणसांना फसवणं एक वेळ समजून घेता येतं. ही बाई सात वर्षांच्या पोरांच्या डोळ्यांत धूळ फेकत होती.

ते तो कागद घेऊन सरळ उत्तरेश्वरकडे गेले. उत्तरेश्वरने त्याच्या प्रती काढल्या आणि गिऱ्हाइकांना दाखवायला सुरुवात केली. “अण्णांनी पकडलंय,” एवढं तो म्हणे, आणि तेवढं पुरे होई. दोन दिवसांत निम्मी पोरं यायची थांबली. अण्णांनी खाली जाऊन श्रद्धाला सांगितलं, “महिनाअखेर खोली मोकळी करा.”

ती मुलांचे तुकडे डब्यात भरत होती. तिचा हात थांबला. एरवी ती पुस्तकात असतं तसं बोलायची, पण त्या दिवशी गावची भाषा वर आली. “अण्णा, मी कायले फसवू लेकरांना? एवढ्या मुश्किलीनं क्लास उभा केला. दुसरीकडे पुन्हा कोण देईन मले पोरं?”

“पाय कुठनं आला ते सांगा.”

“सांगून तुमचा विश्वास बसणार नाही. रविवारी पालकांना बोलवा. सगळ्यांसमोर दाखवते.”

“मी तोलून बघणार.”

“तोला,” ती म्हणाली. “वजन सारखंच येईल.”

रविवारी सकाळी खोली माणसांनी भरली. श्रद्धाने फरशीवर दोन्ही बुवा शेजारीशेजारी मांडले होते, म्हणजे बघणाऱ्याला तुलना करता यावी. पायवाला लाल तुकड्यांचा, बिनपायाचा पिवळ्या तुकड्यांचा. ती सांगू लागली, की दुसऱ्याचा अंगरखा किंचित रुंद आहे, डोळ्याला ते कळत नाही, जो पाय हरवलाय तो सगळा त्या अंगरख्यात पसरलाय. पण कोणी ऐकत नव्हतं. सगळे अण्णांच्या हातातल्या तागडीकडे बघत होते.

अण्णांनी तागडी उचलली. रिकामी पारडी समोरासमोर येऊ दिली. काटा मधे थांबला तसे लाल तुकडे एका पारड्यात घातले आणि पिवळे दुसऱ्यात.

लाल पारडं खाली गेलं. थोडंथोडकं नाही, चांगलं खाली गेलं.

“घ्या!” उत्तरेश्वर ओरडला. “हे पायाचं वजन!”

लोक हसले. श्रद्धाने वाकून दोन्ही पारडी पुन्हा पाहिली. “असं कसं होईल?” ती म्हणाली, पण ती स्वतःलाच विचारत होती. एकेकाने आपापल्या पोराचा हात धरला. जाता जाता एक बाई म्हणाली, “शिकलेली दिसते हो, आणि असले धंदे!” साई रडत होता, त्याला अजून खेळायचं होतं. उत्तरेश्वरने त्याला खांद्यावर टाकून नेलं.

श्रद्धा आतल्या मोरीपाशी जाऊन उभी राहिली. खोलीत अण्णा आणि राजनंदिनी दोघंच उरले.

जिंकल्यावर माणसाने घरी जावं. पण तोललेला माल पुन्हा भरून ठेवल्याशिवाय काट्यावरून हलायचं नाही, ही अण्णांची जुनी सवय. ते पारड्यातले तुकडे काढून डब्यात भरू लागले. पिवळ्या त्रिकोणाचा एक कोपरा पडून उडाला होता. आत प्लायवूडचे पातळ थर दिसत होते. त्यांनी लाल तुकडा नखाने खरवडला. रंगाखाली थर नव्हतेच. दाबून बसवलेला भुसा होता, गच्च आणि जड.

“हे तुकडे कुठनं आणले तुझ्या बाईंनी?”

“फर्निचरवाल्याकडून. तो उरलेलं फेकून देतो. बाईंनी स्वतः कापले आणि रंगवले.”

अण्णांनी दोन्ही तुकडे दोन तळहातांवर धरले. बारदान! एक पोतं तागाचं आणि एक प्लास्टिकचं असलं, तर कोणीही पोत्याचं वजन वजा केल्याशिवाय मालाचं वजन पुकारत नाही. पोऱ्या असताना शिकलेली गोष्ट. आणि आज भरल्या खोलीत दोन वेगळ्या लाकडांचं वजन त्यांनी दोन बुवांचं म्हणून पुकारू दिलं होतं.

“नंदे,” ते हळूच म्हणाले, “नुसत्या लालचे दोन्ही करून दाखव.”

तिने पायवाला बुवा मांडला. मग तो मोडला आणि त्याच तुकड्यांचा बिनपायाचा करायला बसली. दोनदा चुकली. अण्णा तिच्या बोटांवरून नजर काढत नव्हते, एखादा तुकडा फ्रॉकखाली तर जात नाही ना, हे बघत होते. नातीवरही संशय. शेवटी बुवा पुरा झाला. पाय नव्हता, आणि हातात एकही तुकडा उरला नव्हता.

दारात कोणी नव्हतं. श्रद्धाला काही कळलेलं नव्हतं. तागडी उचलून वर गेलं असतं तरी चाललं असतं.

“श्रद्धाबाई,” अण्णांनी हाक मारली. “जरा या. माझा तोल चुकीचा होता.”

ती आली. त्यांनी कोपरा उडालेला तुकडा आणि खरवडलेला तुकडा तिच्या हातात दिला. तिने दोन्हींच्या कडा अंगठ्याने चाचपून पाहिल्या.

“मलाच आधी सुचायला हवं होतं,” ती म्हणाली. “पण आता मला सांगून काय उपयोग, अण्णा? ते सगळे तुमचं ऐकून गेलेत.”

अण्णा तसेच चपला घालून उत्तरेश्वरच्या दुकानावर गेले. त्यांनी सगळं सांगितलं: प्लाय, भुसा, बारदान. उत्तरेश्वर झेरॉक्सच्या मशीनवर कोपर टेकून ऐकत होता.

“काय ठरलं मग?” त्याने विचारलं.

“कशाचं?”

“भाडं वाढवून देते म्हणाली असेल. चांगलंय. आपल्याला काय.”

“अरे, मी माझ्या डोळ्यांनी बघितलं!”

“सकाळीपण डोळ्यांनीच बघितलं होतं ना, अण्णा? आम्हीपण होतो तिथे.”

यार्डात अण्णांवर कोणी असं बोट दाखवलं असतं, तर त्यांनी माल पुन्हा काट्यावर चढवला असता. इथे चढवायला काहीच नव्हतं. समोरचा माणूस मान तिरकी करून त्यांच्याकडे बघत होता, आणि ते जितकं जास्त बोलतील तितकी ती मान आणखी तिरकी होणार होती.

“नको ठेवू इश्वास,” ते शेवटी म्हणाले. “पोराला धाड, आणि सोबत तू ये.”

“बघू,” उत्तरेश्वर म्हणाला, आणि गिऱ्हाइकाकडे वळला.

उरलेल्या घरांतही ते गेले. कुठे चहा मिळाला, कुठे दारातूनच “बरं, बरं” मिळालं. घरी आल्यावर वेणूबाईंनी पाण्याचा तांब्या पुढे ठेवला.

सोमवारी चौघंच पोरं आली. श्रद्धाने दार उघडंच ठेवलं होतं आणि गाड्यांच्या आवाजावर आवाज चढवून शिकवत होती. थोड्या वेळाने साई धावत आत शिरला. मागोमाग उत्तरेश्वर आला आणि हाताची घडी घालून उंबऱ्याबाहेर उभा राहिला.

अण्णांनी वरून खुर्ची आणून त्याच्याशेजारी ठेवली. उत्तरेश्वरने आधी खुर्चीकडे पाहिलं, मग अण्णांकडे. बसला मात्र नाही.