निळी टोपी

जपानातल्या हामामात्सूच्या त्या गिअरच्या कारखान्यात माणूस कोण आहे हे कळायला त्याचं तोंड बघावं लागत नाही. कायम नोकरीतल्यांची टोपी निळी, कंत्राटी माणसांची पिवळी. नेउझा तोमा शाळा सुटल्यापासून पिवळी टोपी घालते आहे.

ब्राझीलहून ती आली तेव्हा चौथीत होती. तिचा आजा जपानी असल्यामुळे बाप सेइजीला इथे सहज काम मिळालं. पोरीला त्याने जपानी शाळेत घातलं नाही, गोदामाच्या माडीवर भरणाऱ्या पोर्तुगीज शाळेत घातलं. "पुढच्या वर्षी परत जायचंय. जपानी शिकून काय लोणचं घालायचंय?" ते पुढचं वर्ष आलंच नाही. शाळा संपली तेव्हा तिच्या दाखल्याला इथे कुणी विचारेना, आणि जपानी ती दुसरीतल्या पोराइतपत वाचत होती. ती थेट मशीनवर उभी राहिली.

लग्न झालं, कियोमी झाली. मग मंदी आली आणि एका दुपारी सगळ्या पिवळ्या टोप्यांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. नवरा ब्राझीलला गेला तो तिकडचाच झाला. नेउझाने जेवणाचे डबे भरायच्या कारखान्यात दिवस काढले. पुढे गिअरवाल्यांनी परत बोलावलं, पुन्हा पिवळ्याच टोपीवर.

तेव्हापासून घरात एकच पालुपद. "निळ्या टोपीला कुणी हात लावत नाही. अभ्यास कर, नाहीतर माझी टोपी तुझ्या डोक्यावर येईल." कियोमी अभ्यास करायची. गणितात वर्गात पहिली यायची. तिने विद्यापीठात जावं, असं नेउझाने मनात धरलं होतं. तिथून पुढे काय, हे मात्र तिला सांगता आलं नसतं.

नववीनंतर इथे पुढची शाळा निवडायची असते; म्हणून नववीच्या हिवाळ्यात शिक्षकांनी रिवाजाप्रमाणे मायलेकींना समोर बसवलं. ओगासावारा सर म्हणाले, "हिला जिल्ह्यातली कुठलीही चांगली शाळा मिळेल. पुढे विद्यापीठही अवघड नाही."

नेउझा वाकून आभार मानणार, तेवढ्यात कियोमी म्हणाली, "मला औद्योगिक शाळेत जायचंय, सर. तिथल्या मुलांना कारखाना थेट कायम नोकरीत घेतो."

"कुठला कारखाना?" नेउझाने विचारलं.

"तुझाच."

घरी येऊन दार लावलं आणि नेउझाचा बांध फुटला. "डोकं फिरलंय तुझं? तुला तिथून बाहेर काढायला मी मरमर मरतेय!"

"बाहेर? बाहेर असं कधी म्हणालीस तू? टोपी निळी पाहिजे, एवढंच म्हणालीस. जन्मभर."

"विद्यापीठात गेलीस तर टोपीच घालावी लागणार नाही."

"आणि तेवढ्यात तुला पुन्हा काढलं तर? आजोबांची औषधं कोण आणेल?"

टीव्हीसमोर बसलेला सेइजी मान न वळवता म्हणाला, "भांडताय कशाला गं? पुढच्या वर्षी परतच जायचंय."

"तुम्ही गप्प बसा, बाबा!" नेउझा इतक्या जोरात ओरडली की शेजारच्या बाईने भिंतीवर थाप मारली.

सरांनी आठवडाभराची मुदत दिली होती. नेउझाने दोनदा विषय काढला, दोन्ही वेळा कियोमीने औषधांचंच विचारलं. शेवटी तिने होकार दिला.

औद्योगिक शाळा संपवून कियोमी एप्रिलमध्ये कारखान्यात तपासणी विभागात लागली. पहिल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती ताट घेऊन भोजनघराच्या मधोमध थबकली. निळ्या टोप्या खिडकीकडे बसतात, पिवळ्या भांडी धुण्याच्या मोरीजवळ. तसा नियम कुठे लावलेला नाही. तिने आईकडे पाहिलं.

"बोलव की तिला," नेउझाच्या शेजारी बसलेली, पिवळ्या टोपीतलीच दाल्वा म्हणाली. "साहेबीण झाली तरी पोर तुझीच ना?"

नेउझाने हनुवटीनेच खिडकीकडे खूण केली. कियोमी तिकडे गेली.

"शोभते हो टोपी," दाल्वा म्हणाली. नेउझाने सुपाचा वाडगा तोंडाला लावला.

दुपारी कियोमी हातात एक गिअर घेऊन मशीनपाशी आली. मागे तिचा वरिष्ठ उभा होता. मायलेकींचं आडनाव एकच. कियोमी क्षणभर अडखळली, मग इतरांशी बोलावं तसं, आडनावापुढे आदराचं 'सान' लावून बोलली.

"तोमासान, याची कड घासायची राहिलीय. पुन्हा करून द्या."

"हो," नेउझा म्हणाली, आणि तिने दोन्ही हातांनी तो गिअर घेतला.