तेलाच्या डब्यावरचा काटा

आमच्या हिबारा गावात एउदेलिया पूपोला कोण ओळखत नाही? रेडिओ क्लबात रविवारी सकाळी ती रेडिओवरून बोलायचं तंत्र शिकवायची, आणि शिकवताना आवाज एवढा चढवायची की पार बंदरापर्यंत ऐकू जायला तिला रेडिओ कशाला लागतो, असं लोक म्हणायचे.

त्या रविवारी तिनं प्रक्षेपकाची, म्हणजे आवाज बाहेर पाठवणाऱ्या यंत्राची, अँटेना काढून तिथं तेलाचा डबा जोडला. डब्यातल्या तेलात वीज अडवणारा एक रोधक बुडवलेला.

“बघा. यंत्राला हवा तेवढाच रोध समोर मिळाला, की सगळी शक्ती पुढं जाते, काही माघारी येत नाही. माघारी येणारी शक्ती दाखवणारा हा काटा बघा, शून्यावर.”

“काटा चांगला घोरतोय, बाई,” रेनेरियो न्हावी म्हणाला.

“तुझ्या गिऱ्हाइकांसारखा. पण डब्यातली शक्ती तेल तापवते, बाहेर कुणाला काही ऐकू जात नाही. काट्यावर भाळू नका.”

एवढ्यात कोपऱ्यातल्या, स्वतःची वेगळी अँटेना असलेल्या जुन्या रिसीव्हरमधून ओडालिसचा आवाज आला. ही एउदेलियाची लेक, चिलीच्या पार दक्षिण टोकाला खेकड्यांच्या कारखान्यात. टेलिफोन कुणाला परवडतो? महिन्यातून एकदा हवा साथ देईल तेव्हा हाच आवाज, आणि एउदेलिया महिनाभर त्याच्यावर जगायची. तिनं झडप घालून माइक उचलला.

“ओडालिस, बोल गं. ऐकतेय मी.”

“आई, आहेस का?”

एउदेलियानं पुन्हा पुन्हा हाका मारल्या. काटा शून्यावर निवांत, म्हणजे सगळं ठीक, असं हिला वाटलं. सगळ्यांना बजावणारी बाई स्वतःच डब्यात ओरडत होती.

मग तिकडून आवाज आला, हळू. “नाहीस वाटतं. बरंच झालं. सगळं जग ऐकत असेल, तू तेवढी नाहीस. आई, मला इथं करमत नाही गं. थंडीनं बोटं उलतात. रोज तुझ्या हातचा काळा घेवडा आठवतो. दर वेळी मजेत आहे म्हणून खोटं सांगते.”

एउदेलियाला तेव्हा कुठं डबा आठवला. हात डब्याच्या तारेवर गेला आणि तिथंच थांबला. लेकीचं खरं बोलणं पहिल्यांदा कानावर पडत होतं. ते तोडायचं कसं? वर्गात कुणी मान वर करेना. ओडालिस रडून थांबली, तेव्हा कुठं हिनं डबा काढून अँटेना जोडली.

“ओडालिस? आत्ता जोडलं बघ. काही बोललीस का?”

“काही नाही गं, नुसत्या हाका मारत होते. कशी आहेस?”

“मजेत. आणि तू?”

“मीपण मजेत, आई.”

“बरं झालं,” एउदेलिया म्हणाली, आणि घेवडा आज काय भावानं मिळाला ते सांगू लागली.