चिंधूची जीप आणि वाळ्याची ताटी

चिंधू आधी बैल हाकायचा, मग ट्रॅक्टर चालवू लागला, आणि आता त्याच्याकडे जुनी टर्बोवाली जीप होती. बैलाला चढ झेपला नाही तर उतरून चाकाला खांदा लावायचा, एवढं त्याला पक्कं ठाऊक होतं. जीपचं मात्र त्याला काही कळत नसे. लाखांदूरच्या भाजीवाल्या बायांना लाखनीच्या बाजारात पोचवणं हा त्याचा धंदा. आणि मे महिना लागला तशी ऐन लाखनीजवळच्या पुलाच्या चढावर जीप धापा टाकू लागली. बायांची पुढारीण कुंताबाई हिने सांगूनच टाकलं, "चिंधूभाऊ, आता उशीर झाला तं आमी सगळ्या एस्टीनं जाऊ."

चिंधू घाबरून भाच्याच्या गॅरेजात गेला. सुगतने बॉनेट उघडलं आणि इंजिनच्या डोक्यावर बसलेली जाळीदार पेटी दाखवली.

"मामा, टर्बो हवा दाबते. दाबली का ते तापते. तापली का पातळ होते न गाडीची ताकद जाते. म्हणून हा इंटरकूलर तिले थंड करते."

"थंडच कराची होती तं तापवली कायले?"

"तापवत नाही, दाबते."

"दाबून तापते ना?"

"हाव."

"मंग दाबाचीच कायले?"

सुगतने कपाळाचा घाम पुसला. "नव्या गाड्यायत हा समोर राहते, सरळ वारा लागते. तुमचा बसला इंजिनच्या डोक्यावर. खालून शेकून राहिला. बॉनेटच्या या भोकातून जो वारा येईन, तोच त्याले."

एवढ्या पुराणातून चिंधूला एकच गोष्ट उमगली: त्या भोकाला थंड वारा पाहिजे. आणि वैशाखात वारा थंड कसा करतात, हे भंडारा जिल्ह्यात शेंबड्या पोरालाही माहीत. त्याने घरच्या कूलरची वाळ्याची ताटी उपसली, भिजवली आणि बॉनेटच्या भोकावर सुतळीने करकचून बांधली.

"न आमी घरी कसं झोपाचं?" बायजाबाईने, म्हणजे त्याच्या बायकोने, विचारलं.

"गाडीत झोप. तिथं थंड राहीन."

दुसऱ्या दिवशी काचेखालच्या झरोक्यांतून वाळ्याचा वास जीपभर पसरला. बाया सुखावल्या. पार्वताबाई तर टोपलीला टेकून घोरू लागली. पण पूल आला आणि जीप आधीपेक्षा वाईट अडली. चिंधूने ताटीवर आणखी पाणी ओतलं. जीप आणखी अडली. शेवटी त्याने सुगतला फोन लावून ताटीचं सांगितलं.

"मामा, वाराच अडवला ना तुमी. नाकात बोळा घालून कोणी चढ चढते का? काढा ते."

ताटी सुटली तशी जीप कण्हत-कुंथत का होईना, चढू लागली. पण आत वाळ्याचा वास गेला, ऊन आलं आणि पार्वताबाई जागी झाली.

"ताटी कुठं गेली?" कुंताबाईने विचारलं.

"टपावर टाकली. गाडीले सोसत नाही."

"गाडीले नसन सोसत. आमाले सोसते. थांबव, न बांध खिडकीले."

भर चढावर जीप थांबली. चिंधूने ताटी खिडकीला बांधली, कुंताबाईने भाजीवर शिंपडायचं पाणी तिच्यावर ओतलं. बाजाराला उशीर व्हायचा तो झालाच. पण एस्टीचं नाव कोणी काढलं नाही. उतरताना कुंताबाई एवढंच म्हणाली, "उद्या त्या बाजूच्या खिडकीलेही आणजो."

चिंधू "हाव" म्हणाला. थंड करायचं होतं इंजिन, थंड झाल्या बाया, आणि धंदा टिकला तो कशाने, हे सुगतला विचारावं की न विचारावं, ते काही त्याला ठरवता येईना.