काकांची सिगार आणि अडून बसलेला कावळा

तुमच्याकडे कधी कावळा अडून बसलाय का? आज आमच्याकडे बसला.

काकांचं वर्षश्राद्ध होतं. कामोठ्याला आमच्या सोसायटीच्या गच्चीवर पान ठेवलं. कावळे पाण्याच्या टाकीवर बसून नुसते बघत होते, पानाला एकही शिवेना. सगळ्यांना टेन्शन.

काका बोटीवर नोकरीला होते, तिथे त्यांना सिगारची सवय लागली. काकी त्यावरून आयुष्यभर त्यांच्याशी भांडली. आज तीच मला म्हणाली, "जा, एक सिगार घेऊन ये. आणि चांगली आण, ह्यांना साधी चालायची नाही."

बाईक काढली. कामोठ्यातले पानवाले सिगारेटच पुढे करत होते. खारघरलाही नाही. शेवटी वाशीच्या एका दुकानात काचेच्या कपाटात मिळाली. जाडजूड, तपकिरी, न पेटवताही गुळासारखा गोडसर वास.

पानाजवळ ठेवली. काकीने हात जोडले. "घ्या. आता नाही बोलणार मी काही."

कावळा उतरला आणि वडा घेऊन उडाला. आमच्या सगळ्यांच्या जिवात जीव आला.

नंतर मी सिगार टाकायला निघालो, तर काकीने ती माझ्या हातातून काढून घेतली.

"राहू दे. वर्षभर घरात ह्यांचा वास नव्हता."