घरचं मशीन, जगाची वेळ

निपाणीत वडिलांचा छोटा प्रेस होता आणि मी वाचायला शिकले ती तिथे छापल्या जाणाऱ्या चळवळींच्या ओल्या पत्रकांवर. त्यामुळे शेजारच्या आप्पांनी जेव्हा सांगितलं की त्यांच्या नोंदी ठेवणारी वेबसाइट महिनाअखेर बंद होतेय, तेव्हा मला चीड आली. चीड आली की मला काम सुचतं.

आप्पा हौशी रेडिओवाले. तंबाखूचा व्यापार मुलांकडे सोपवून माडीवरच्या खोलीत बसतात आणि जगभर बोलतात. कुणाशी, कधी, कुठल्या लहरीवर बोललो याची नोंद ठेवल्याशिवाय या मंडळींना चैन पडत नाही. आप्पांच्या तरुणपणापासूनच्या नोंदी त्या परक्या साइटवर होत्या.

"जन्मभर हवेत बोललो," ते म्हणाले, "आता सगळं हवेतच जाणार बघ."

दुसऱ्या एका कंपनीने त्यांना नोंदी ठेवायला जागा देऊ केली होती. मी म्हटलं, उद्या तीही बंद पडली तर? आपल्या नोंदी आपल्या घरात, आपल्या मशीनवर राहतील. आप्पांनी अट घातली. गुंजीचे एक निवृत्त स्टेशनमास्तर त्यांचे मित्र. दोघं रोज सकाळी रेडिओवर भेटतात. मास्तरांनी आपली नोंद फाइल करून पाठवायची, आमच्या मशीनने ती आप्पांच्या नोंदीशी ताडायची. वेळ आणि लहर जुळली की हिरवी खूण.

"हिरवं आलं तर तुझं खरं. न्हाईतर मी गपगुमान कंपनीकडं जातो."

बेळगावच्या कॅम्प भागातून, कुठल्याशा ऑफिसाने काढून टाकलेला एक जुना संगणक आणला, आप्पांच्या माडीवर मांडला, त्यावर लिनक्स चढवलं. नोंदींचं सॉफ्टवेअर फुकट, कोड कुणीही वाचावा असा उघडा. मला ते भिंतीवर डकवलेल्या पत्रकासारखंच वाटलं. डेटाबेस उभा केला, वेब सर्व्हर जोडला, पान उघडलं तर कोरं पांढरं. एका फोल्डरमध्ये लिहायची परवानगीच सॉफ्टवेअरला नव्हती. आमच्या घरी परवानगीसाठी कुणी लिहायचं थांबलं नव्हतं, पण इथे द्यावी लागली. दिली, आणि लॉगिनचं पान झळकलं. जुन्या साइटवरून उतरवून घेतलेली आप्पांची फाइल आत टाकली. नोंदी भराभर येऊ लागल्या, नकाशावर निपाणीतून रेषा सुटल्या, समुद्र ओलांडून कुठल्या कुठे गेल्या. मी खुर्ची सोडून नाचायलाच लागले. चहा घेऊन वर आलेल्या आप्पांच्या बायकोने, काकींनी विचारलं, "लगीन ठरलं काय गं?"

दुसऱ्या सकाळी आप्पा गुंजीशी बोलले. वेळ सॉफ्टवेअरने आपोआप भरली. मास्तरांची फाइल आली, मी ती मशीनला दिली. लाल खूण. पुन्हा दिली. पुन्हा लाल.

आप्पांनी चष्मा लावून नोंद वाचली. सकाळचे सात. "मशीनला कुठली वेळ लावलीस?"

"आपली," मी ठणकावून सांगितलं. मुद्दाम भारताची वेळ निवडली होती. घरचं मशीन परक्या वेळेवर का चालावं?

त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं. ते बंद आहे असं मी इतके दिवस समजत होते, पण ते चालू होतं आणि त्यात दोन वाजत आले होते, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. आप्पांनी सांगितलं, इथे सकाळ तर तिकडे रात्र, म्हणून नोंदी जुळाव्यात यासाठी जगातले सगळे रेडिओवाले एकच वेळ लिहितात. "मी ते दोनदा दुरुस्तीला दिलतं," काकी म्हणाल्या.

मी भडकले. ही तर लंडनची वेळ, म्हणजे अजून त्यांचंच राज्य!

"उन्हाळ्यात लंडनवालीबी आपली घड्याळं तासभर म्होरं सारत्यात," आप्पा शांतपणे म्हणाले. "ही वेळ मागंम्होरं हुत न्हाय. ती कुणाचीच न्हाय, म्हणून सगळ्यांची. तुझ्या पत्रकात बसंल की हे."

मी मशीनच्या वेळेची सेटिंग उघडली. एक ओळ बदलली, सर्व्हर पुन्हा सुरू केला, सकाळची नोंद दुरुस्त केली आणि मास्तरांची फाइल परत दिली. आम्ही तिघंही पडद्याकडे वाकलो.

हिरवी.

त्याच दिवशी आप्पांनी कंपनीला नकार कळवला. दुसऱ्या सकाळी त्यांनी ही सगळी हकीकत गुंजीला ऐकवली, माझ्या भाषणासकट. खरखरीतून मास्तरांचं हसू आलं आणि मागोमाग आवाज: "मग माझ्याबी नोंदी तिथंच ठेवा की."

आप्पांनी माझ्याकडे बघितलं. मी तोवर कीबोर्ड पुढे ओढून मास्तरांचं खातं उघडायला घेतलं होतं.